एकाच पुस्तकाच्या दोन मालकिणी

माझं पुस्तक आणि त्यावर फोटो दुसऱ्याच बाईचा, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते मीरा रोडच्या एका महिला संस्थेच्या ऑफिसात. अध्यक्षबाईंनी टेबलावर दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली होती. दोन्ही झेरॉक्सच्या दुकानात छापून स्पायरल बाइंडिंग केलेली. एकावर मी होते, मोरपिशी साडीत, शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवून. दुसऱ्यावर ठसठशीत कुंकू लावलेली, माझ्याहून थोडी मोठी दिसणारी एक बाई, तिचाही हात मशीनच्या चाकावर. दोन्हींवर नाव एकच, 'नवशिक्यांसाठी शिवणकाम'. आणि ती फोटोतली बाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मी दोन्ही वाचली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जवळजवळ शब्दाला शब्द सारखा आहे. आता मला एवढंच सांगा, कुणी कुणाचं घेतलं?"

मी तापट आहे, हे आमच्या बिल्डिंगमध्ये दूधवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. मी तिचं पुस्तक उचललं आणि तिच्याच नाकासमोर धरलं. "लाज नाही वाटली? फोटो तेवढा बदलला आणि झालं?"

ती माझ्या वरचढ निघाली. "ए बाय, तोंड सांभाल. पैसे भरून घेतलंय मी. पावती हाय माझ्याकडं. चोरी तू करतेस न् मनाच इचारतेस?"

"पावती माझ्याकडेही आहे!"

हे मी ओरडून बोलले आणि तिचं पुस्तक टेबलावर परत ठेवलं. दोघींकडे एकाच मालाची पावती कशी, हा हिशोब आमच्या डोक्यात एकाच वेळी सुरू झाला असावा.

ती पावती कसली, ते सांगायला थोडं मागे जायला हवं. मी भाईंदर पूर्वेला एका साडीच्या दुकानात कितीतरी वर्षं फॉल-पिको करत होते. दुकान गुजराती शेठचं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या लेखी मला नाव नव्हतं. "फॉलवाली बेन, कल तक चाहिए हां," एवढंच आमचं बोलणं. जिन्याखालच्या जागेत माझं मशीन, डोक्यावर लोकांची ये-जा. पुढे घरी दोन-तीन मुलींना ब्लाउज शिकवायला लागले. लॉकडाउनमध्ये सगळं बंद होतं आणि दुकान सुटलं, त्या दिवसांत मोबाइलवरून शिकवलं आणि मला कळलं की आपल्याला शिकवता येतं. नुसतं येतं नाही, आवडतं. एखादीने पहिल्यांदा बाहीचा मुंढा नीट कापला की मला तिच्याहून जास्त आनंद व्हायचा.

त्यामुळे या संस्थेला शिवणवर्गासाठी बाई हवी आहे असं कळलं, तेव्हा माझी झोप उडाली. संस्थेचा हॉल, संस्थेची मशीनं, भिंतीवर फळा, आणि समोर बसलेल्या बायका मला 'मॅडम' म्हणणार. तो वर्ग मला हवा होता. मिळाला नसता तर पुन्हा जिन्याखाली जायचं होतं, कारण नुसत्या घरच्या शिकवण्यांवर भागणार नव्हतं. अट एकच होती, शिकवणाऱ्या बाईने वर्गासाठी स्वतःचं पुस्तक तयार करून आणायचं.

आता शिवणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. मी कागद घेऊन बसले, 'प्रथम कापड घ्यावे' असं लिहिलं आणि अडकले. माझं सगळं ज्ञान हातांत. कुणी विचारलं की मी "हे असं, मग असं" म्हणत कात्रीच पुढे करते. ते कागदावर कसं उतरवायचं? तेवढ्यात मोबाइलवर एक जाहिरात दिसली. तयार पुस्तकं मिळतील, इंग्रजीत. विकत घ्या, हवं तर बदला, स्वतःचं नाव घाला, स्वतःचं म्हणून वापरा. त्या धंद्यात याला प्रायव्हेट लेबल राइट्स म्हणतात. म्हणजे माल दुसऱ्याने बनवलेला, लेबल आपलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. भाईंदरला खाकऱ्याचं असंच चालतं. खाकरा लाटला जातो एका ठिकाणी आणि पाकिटांवर नावं लागतात वेगवेगळ्या दुकानांची, खाणारा काही विचारत नाही.

जाहिरातीत 'पूर्ण हक्क' असा शब्द होता आणि खरी गोम तिथे होती. आमच्या गावात हक्क म्हटलं की डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते. ॲग्रीमेंट, रजिस्ट्रेशन आणि चावी. मी आणि माझ्या नवऱ्याने निम्मं आयुष्य एका वन रूम किचनच्या हक्कापायी घालवलंय. एकदा चावी हातात आली की त्या दाराला दुसऱ्या कुणी किल्ली लावायची नाही. मी पैसे भरले, पुस्तक मोबाइलवर आलं, आणि मी समजले की हे आता माझं, सात पिढ्यांसाठी.

मोबाइलनेच त्याचं मराठी करून दिलं. लेकीने, ती कॉलेजला आहे, थोडंफार सरळ केलं. म्हणाली, "आई, एकदा नीट वाच तरी." मी म्हटलं, "वाचलंय." फोटो काढला, छापलं, संस्थेत नेऊन दिलं. आणि त्या दुसऱ्या फोटोतल्या बाईने, ती समुद्रकाठच्या उत्तनची, तेच पुस्तक, तसंच मोबाइलकडून मराठी करून, त्याच आठवड्यात नेऊन दिलं होतं.

हे सगळं अध्यक्षबाईंच्या टेबलासमोर उलगडायला फार वेळ लागला नाही. उलगडलं तशी मी उत्तनच्या बाईकडे वळले. "अहो, त्याने एकच फ्लॅट दोघींना विकला!"

आमच्याकडे हे वाक्य कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. तिने कपाळावर हात मारला. "बिल्डर निंगाला मेला!"

घडीभरापूर्वी एकमेकींच्या झिंज्या धरायला निघालेल्या आम्ही आता मिळून त्या विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होतो. अध्यक्षबाई शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्यांनी वर्ग शांत होऊ दिला. मग म्हणाल्या, "चोरी कुणीच केलेली नाही, हे बरं झालं. मला तुमच्यावर राग नाही. पण या पुस्तकात ओव्हनमधून भांडं काढायचा हातमोजा कसा शिवावा, याची चार पानं आहेत. आपल्या बायका भांडं सांडशीने धरतात. ब्लाउजचं तर एक पान नाही. महिनाअखेरीला कमिटी बसणार आहे. तोवर तुमचं स्वतःचं काय ते घेऊन या."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण हातमोज्याचं म्हणणं खरं होतं. ती पानं मी वाचलीच नव्हती.

घरी आल्यावर लेकीने पुस्तकाबरोबर आलेली दुसरी एक फाइल उघडली. ती मी कधी उघडली नव्हती, इंग्रजी होती म्हणून. लेक वाचत गेली आणि सांगत गेली. तुला वापरायची परवानगी आहे, मालकी नाही. ते हेच पुस्तक कितीही जणांना विकू शकतात. तू बदल, तोड, जोड, वर्गात शिकव, नाव घाल, सगळं चालेल. फक्त 'हे माझं आहे' म्हणून दुसऱ्याला अडवू शकत नाहीस.

नवरा पेपर वाचत होता. मान वर न करता म्हणाला, "म्हणजे फ्लॅट नाही तर. धर्मशाळा आहे. पैसे भरेल तो राहील."

मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. राग त्याच्यावर नव्हताच. विकणाऱ्याने फसवलं म्हणावं, तर सगळं लिहून दिलेलं. उत्तनच्या बाईने चोरलं म्हणावं, तर तिनेही पैसे भरलेले. रागवायला कुणी उरलं नाही की माझी फार पंचाईत होते.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. ऑफिसातून निघताना आम्ही नंबर घेतले होते, मुख्यतः पुढच्या भांडणासाठी. ती म्हणाली, "ये घरी. दोघी मिलून बगू."

"वर्ग एकच आहे," मी म्हटलं.

"वर्ग एक हाय. पन दिवसाला सकाल हाय न् दुपार पन हाय."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली. मुर्धा, राई ही गावं मागे पडली तशी हवा खारट व्हायला लागली. तिच्या घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत होते आणि पडवीत तीन मशीनं मांडलेली. ती मासळी विकणाऱ्या बायकांना शिकवते, त्यांचा बाजार उरकला की त्या येतात. त्यातल्या एकीने मला विचारलं, "तू दुसरी फोटोवाली काय?" आणि सगळ्या खो खो हसल्या. मलाही हसू आलं.

आम्ही दोन्ही पुस्तकं समोर ठेवली आणि पान पान वाचायला बसलो. खरं सांगते, मी ते पुस्तक त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. हातमोजा गेला, शयनगृहाचा झालरीचा पडदा गेला, नाताळच्या झाडाखाली घालायचा गालिचा गेला. पण सगळंच काढून टाकावं असं काही ते नव्हतं. सुई कोणत्या कापडाला कुठल्या नंबरची, मशीनला तेल कुठे घालायचं, दोरा का तुटतो, आधी बिनदोऱ्याच्या मशीनवर कागद शिवून हात कसा सरळ करायचा, हे इतकं नीट सांगितलं होतं की मला लिहायला वर्ष लागलं असतं. ज्या कुणी ते लिहिलं होतं, त्या माणसाला शिकवता येत होतं.

तेव्हा मला पहिल्यांदा त्या लिहिणाऱ्याचा विचार आला. कुठे असेल, बाई असेल की पुरुष, काही पत्ता नाही. आपले शब्द विकून टाकले, वर कुणाचाही फोटो लावा म्हणून सांगितलं. मीही वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या साड्यांना फॉल लावलाच की. कुठल्या साडीवर माझं नाव होतं? पण निदान साडी नेसणारीला माहीत असायचं की फॉल तिने स्वतः लावलेला नाही.

हे मी बोलून दाखवलं आणि लगेच उलटही बोलले, कारण स्वतःची बाजू घेतल्याशिवाय मला राहवत नाही. म्हटलं, "तसं पाहिलं तर उखाणे तरी कोण स्वतः रचतं? तयार घ्यायचा, आपल्या नवऱ्याचं नाव घालायचं आणि मोकळं व्हायचं. कुणी विचारतं का, कुणाचा म्हणून?"

उत्तनची बाई सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "पन उखान्यात नवरा तरी आपला असते ना. आपल्या या बुकात आपला काय हाय?"

मी नुसतीच पुढची पानं चाळायला लागले.

तिने स्वतःपुरतं उत्तर शोधून ठेवलं होतं. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चालणाऱ्या बाईचा ब्लाउज. हात सारखा वर असतो, म्हणून मुंढा किती खोल ठेवायचा आणि बाहीला काखेत चौकोनी तुकडा कसा जोडायचा, की उसवणार नाही. आत सुटे पैसे आणि मोबाइल ठेवायला खिसा कुठे, की घाम लागणार नाही. हे ती सासूकडून आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन शिकलेली. ती बोलत गेली, मी लिहीत गेले. दुसऱ्याचं बोलणं मला लिहिता येतं, हे मला तेव्हा कळलं.

"आता तुजा," ती म्हणाली.

मी म्हटलं, "कटोरी ब्लाउज आहे. प्रिन्सेस कट आहे. बोटनेक."

"ते सगल्यांना येते. तुलाच येते असा काय?"

उत्तर मला माहीत होतं. तोंडातून काढायचं नव्हतं. पण ती दोरा हातात धरून थांबून राहिली आणि शेवटी मी तिला अक्काची गोष्ट सांगितली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. गोडदेवला राहते, जुन्या गावातल्या गल्लीत, जिथे एका घरात शिंकलं तर चार घरांत ऐकू जातं. तिला स्तनाचा कॅन्सर झाला आणि डावी बाजू काढावी लागली. गल्लीत तिने पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं म्हणून सांगितलं. खरं फक्त तिच्या घरच्यांना आणि मला माहीत. बरी झाली, पण बाहेर पडेना. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घरात बसायची. देवळात नाही, हळदीकुंकवाला नाही. मला बघवेना म्हणून मी तिच्यासाठी ब्लाउज शिवायला घेतला. डाव्या बाजूला आत मऊ सुती कापडाचा खिसा, त्यात कापसाची गादी. पहिला फसला, दुसरा फसला, किती फसले त्याची मोजदाद नाही. त्यातून जमला तो असा जमला की ती बाजारात जायला लागली आणि कुणाला काही कळलं नाही. तो ब्लाउज कुठल्या पुस्तकात मी पाहिलेला नाही.

उत्तनच्या बाईने हातातला दोरा खाली ठेवला. मग म्हणाली, "आमच्या आलीत दोगी हायेत. एक तर घराभायेर पन येत न्हाय. हा धडा घाल."

"नाही घालता येणार. नाव नाही घातलं तरी गोडदेवची माणसं ओळखतील. मी कुणाची बहीण आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे."

"मंग इचार तिला. इचारल्याबिगर घालू नको. न् इचारल्याबिगर सोडू पन नको."

परतीच्या बसमध्ये मी तेच घोळवत बसले. ज्याला मी कधी पाहिलं नाही त्याचं अख्खं पुस्तक माझ्या नावावर करायला मला परवानगी होती, लेखी. आणि जे मी माझ्या हातांनी शिवलं, त्याचं एक पान छापायला नव्हती. शिवण माझी असली तरी ते अंग अक्काचं होतं. त्या पानाशिवाय माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं, म्हणजे वर्गही नव्हता.

अक्का तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, वर्गाचं, पुस्तकाचं, उत्तनच्या बाईचं. ती खाली बघून निवडत राहिली.

"विचारायला आलीस की सांगायला?"

"विचारायला."

"मग नाही."

मी "बरं" म्हटलं. चहा प्यायले, निघाले. रस्त्यात मला रडू आलं. राग तिच्यावर नव्हता, तिचा काय दोष? पण मला खूप वाईट वाटलं, हेही खरं. घरी आल्यावर लेकीवर उगाचच खेकसले आणि मग तिच्याच मदतीने कटोरी ब्लाउजचा धडा लिहायला बसले.

महिनाअखेरीपर्यंत आमचं पुस्तक तयार झालं. एकच, दोघींचं. पहिल्याच पानावर आम्ही मोठ्या अक्षरांत छापलं की सुई, दोरा आणि मशीन यांचे धडे विकत घेतलेल्या तयार पुस्तकातले आहेत, मूळ लिहिणाऱ्याचं नाव आम्हाला ठाऊक नाही, त्या व्यक्तीचे आभार. पुढचे धडे आमचे. फोटो दोघींचा, तिच्या पडवीत काढलेला.

कमिटीच्या आदल्या दिवशी अक्काचा फोन आला. "उद्या किती वाजता आहे तुझं ते?"

"अकराला. का?"

"येते मी पण. बघते कमिटी कशी असते ती."

मी कशाला वगैरे विचारलं नाही. तिला माझ्यासाठी यायचं होतं, तेवढंच मला पुरे होतं. ती रिक्षाने आली, खांद्याला कापडी पिशवी, आणि हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसली.

कमिटीत पाच-सहा जणी होत्या. एकीला पहिलं पान खटकलं. "हे असं विकत घेतलं म्हणून लिहायची गरज आहे का? परवानगी आहे ना तुम्हाला? वाचणाऱ्याचं मत वाईट होईल."

उत्तनची बाई म्हणाली, "मासली दुसऱ्याच्या होडीची असली तरी मी गिऱ्हाइकाला सांगते. ताजी असली तर लोक घेतात."

अध्यक्षबाईंनी मान हलवली. पाटीवाल्या बाईचा ब्लाउज त्यांना फार आवडला. त्यांनी तो धडा मोठ्याने वाचून दाखवला आणि कमिटीतली एक जण स्वतःचा हात वर करून काख चाचपून बघायला लागली. मग त्या माझ्या धड्याकडे आल्या. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्या म्हणाल्या, "कटोरी तुम्ही सोपी करून सांगितली आहे. पण वाईट वाटून घेऊ नका, असं बाजारात मिळतं. यात तुमचं काय?"

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मला शेठचं दुकान दिसायला लागलं.

"एक धडा राहिलाय हिचा," मागून आवाज आला.

अक्का उठून पुढे आली. तिने पिशवीतून ब्लाउज काढला, उलटा केला आणि अध्यक्षबाईंच्या पुढ्यात, आमच्या पुस्तकावरच पसरला. "हा माझा आहे," ती म्हणाली. "मला कॅन्सर झाला होता. डावी बाजू काढली."

तो शब्द मी तिच्या तोंडून चारचौघांत पहिल्यांदा ऐकला. आमच्या घरातसुद्धा ती 'ते दुखणं' म्हणायची. आता ती खिशाचं तोंड दोन बोटांनी उघडून दाखवत होती.

"हा खिसा कडेने उघडा ठेवायचा. यात गादी जाते. आधी हिने नुसता कापूस भरला होता. हलका होता, चालताना वर चढायचा. मी सांगितलं तेव्हा हिने तळाला मोहरीची पुरचुंडी घातली. आता जागचा हलत नाही. धुताना आधी पुरचुंडी काढायची, नाहीतर मोहरी भिजते. आणि या बाजूला टक्स, म्हणजे ती छातीखालची चिमटी, घ्यायचाच नाही. हिने पहिल्या ब्लाउजला घेतला होता, शिवण बरोबर ऑपरेशनच्या टाक्यांवर आली, दिवसभर टोचत होती. मी आपली गप्प राहिले, हिला वाईट वाटेल म्हणून."

"तू मला बोलली नाहीस कधी!" मी न राहवून म्हटलं.

"आता बोलतेय ना. ऐक."

सगळ्या हसल्या, अक्कासुद्धा. मग हुक पुढेच का हवेत, कारण तो हात मागे नेववत नाही. त्या बाजूची बाही सैल का, कारण हात सुजतो. गळा किती वर घ्यायचा, की वाकलं तरी काही दिसणार नाही. ती सांगत गेली, प्रश्न येत गेले. पहिलं पान खटकलेल्या बाईंनी विचारलं, उन्हाळ्यात घामाचं काय? अक्काने त्याचंही सांगितलं. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. उत्तनच्या बाईने मला कोपराने ढोसलं, "लिही की गो!" मी पर्समधून एक जुनं बिल काढलं आणि त्याच्या मागे लिहायला लागले.

शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, "हा धडा नीट लिहून द्या. चित्रांसकट. सकाळचा वर्ग या उत्तनच्या बाईंचा, दुपारचा तुमचा."

जिना उतरताना मी अक्काला विचारलं, "नाही म्हणाली होतीस. मग?"

"तू ऐकलंस ना ते 'नाही'," ती म्हणाली. "बरं म्हणालीस, चहा प्यायलीस आणि गेलीस. मला वाटलं होतं दोन दिवसांनी परत येशील, गोड बोलशील, गळ्यात पडशील. आली नाहीस. न विचारता छापलं असतंस तर जन्मात तुझं तोंड बघितलं नसतं."

मी तिची पिशवी हातात घेतली. ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबून मागे वळली.

"आणि त्या धड्यावर नाव माझं घाल. बारीक अक्षरांत खाली कुठेतरी नको. वर घाल."

तसंच घातलं आहे. त्या धड्यावर सगळ्यात वर, जाड अक्षरांत, पूर्ण, गोडदेवच्या पत्त्यासकट तिचं नाव आहे. त्याखाली 'लिहून घेतलं' असं म्हणून माझं.